दोघांचा डबा आणि पिठाच्या डब्याखालची वही



मागच्या पाठात आपण गटाचं दप्तर बघितलं. रोखवही कशी लिहायची, इतिवृत्तात काय यायला हवं, सह्या कुठे घ्यायच्या. या वेळी मी दप्तर सोडून घरात शिरणार आहे. तुमच्या नाही, माझ्याच.

तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे की मागच्या वर्षी माझं लग्न झालं. आम्ही दोघं मोहोळला भाड्याच्या एका खोलीत राहतो. स्वयंपाकाचा ओटा त्याच खोलीत. नवरा चिंचोलीच्या एमआयडीसीत कामाला आहे आणि त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. पहिली पाळी असली की तो पहाटे सहाला घर सोडतो, दुसरी असली की रात्री बाराला येतो. माझं तुम्हाला ठाऊकच आहे. साडेआठला गाडी काढायची आणि चौदा गावं फिरायची. बैठका तुमच्या सवडीने, म्हणजे दुपारच्या उन्हात नाहीतर रात्री जेवणं उरकल्यावर. घरी यायला कधी सात वाजतात, कधी दहा.

दोघं कमावतो, पोरंबाळं अजून नाहीत, व्यसन कुणाला नाही. तरी वीस तारीख उलटली की खात्यात दोन-तीनशे रुपये. आणि मी तुमच्या गावात येऊन भिंतीवर तक्ता लावून तुम्हाला घरखर्चाचं नियोजन शिकवत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण पाठ खरा व्हायचा तर इथूनच सुरू करावा लागेल.

झालं असं, की एका गावात दुपारी दोनची बैठक होती. वसुली झाली, सह्या झाल्या, आणि मी पिशवीतून पाच रुपयांचा बिस्किटपुडा काढला. गटाच्या अध्यक्ष काकी बघत होत्या.

"मॅडम, तुमचा डबा कुठाय?"

"सकाळी घाई झाली काकी."

"आन् जावईबापूंचा?"

"त्याचा दिला की भरून."

सगळ्या हसल्या. काकी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हंजी डबा करायला यळ हाय, भरून घ्यायला न्हाई."

मी विषय बदलला. पण पंधराएक दिवसांनी दुसऱ्या एका गावात उपकेंद्रातर्फे तपासणी होती. मी यादी करायला बसले होते. गर्दी सरली तशी आरोग्यसेविका ताई म्हणाल्या, बोट पुढं करा, तुमचंही बघू. हिमोग्लोबिन निघालं ८.९. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. ८ ते १०.९ म्हणजे मध्यम, ८ च्या खाली म्हणजे तीव्र. मी 'तीव्र'च्या उंबरठ्यावर उभी होते. जिना चढताना धाप लागायची, दुपारी डोकं जड व्हायचं, गाडी चालवताना डोळ्यांवर झापड यायची. हे सगळं मी फिरतीवर ढकललं होतं.

ही काही माझ्या एकटीची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे बारा जणींचा गट धरला तर सहा-सात जणी. पुढच्या बैठकीत वर्तुळात बसाल तेव्हा मोजून बघा.

वहीत चौथा रकाना

त्या रात्री घरी भांडण झालं. भांडण म्हणजे मीच बोलत होते. शेवटी नवरा म्हणाला, "तू गटांना वही ठेवायला लावतेस ना? मग आपली कुठंय?" (मी त्याला अरे-तुरे करते. मोठ्या ताईंनी हसू नये.)

दुसऱ्या दिवशी वीस रुपयांची वही आणली. ती पिठाच्या डब्याखाली ठेवली, कारण तिथं दोघांचाही हात रोज जातो. कपाटात ठेवलेली वही लिहिली जात नाही, हा माझा तुमच्या गटांमधला अनुभव आहे. रकाने तीनच ठरले होते: तारीख, काय घेतलं, किती रुपये. काकींचं बोलणं डोक्यात होतं म्हणून मी चौथा रकाना पाडला: कुणी खाल्लं.

ताईंनो, हा चौथा रकाना नसता तर मला काहीच कळलं नसतं.

महिन्याची बेरीज केली. किराणा ३,४१० रुपये. भाजी आणि दूध १,९००. आणि बाहेरचा चहा, वडापाव, बिस्किटं, रात्री उशीर झाला म्हणून आणलेलं पार्सल, हे सगळं मिळून २,८६०. एकूण ८,१७० रुपये. बाहेरचं खाणं एवढं होतंय हे दोघांनाही माहीत नव्हतं, कारण ते दहा-वीस रुपयांनी गेलं होतं. वीस रुपये जाताना कुणाला दिसत नाहीत.

आता चौथा रकाना. दूध महाग झालं म्हणून मी घरी पाव लिटर कमी केलं होतं. अंडी बंद केली होती. फळ आणायचं बंद केलं होतं. म्हटलं, काटकसर करू. पण कुणाच्या ताटातून? त्याच्या डब्यात भाजी-चपाती जात होती. माझ्या नावापुढे सकाळी चहा, दुपारी बिस्किट, रात्री 'उरलेलं' असं लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात. त्याने कधी मला उपाशी राहा म्हटलं नाही. मीच आईला जसं बघत आले तसं केलं. पैसे जिथून गळत होते तिथं आम्ही बघितलं नव्हतं, आणि जिथं हात लावायला नको होता तिथं मी रोज कात्री चालवत होते.

रविवारची बैठक

गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. आम्ही दोघांनी त्यातली बैठक आणि लेखे घरात आणले. त्याच्या सुट्टीच्या दिवशी अर्धा तास. वही वाचायची, पुढच्या आठवड्याची त्याची पाळी आणि माझ्या रात्रीच्या बैठका समोर ठेवायच्या, आणि कोणत्या दिवशी कोण काय शिजवणार ते ठरवायचं. ठरवताना एक गोष्ट कळली. आमच्या घरी खर्च वाढत होता तो हौसेनं नाही. रात्री नऊला दोघं दमून यायचो, भिजवलेलं काही नसायचं, चिरलेलं काही नसायचं, म्हणून पार्सल यायचं. म्हणजे पैसा वाचवायचा तर आधी नऊ वाजताची सोय करायला हवी होती.

ती सोय आपल्या भागात आधीपासून आहे. आपणच विसरलोय. येसर घ्या. आमच्या सासूबाई माढा तालुक्यातल्या, त्यांच्याकडून मी शिकले. एक वाटी ज्वारी किंवा बाजरी, एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी गहू, पाव वाटी उडीद डाळ हे वेगवेगळं मंद आचेवर खमंग भाजायचं. अर्धी वाटी धने, दोन चमचे जिरे, पाव वाटी सुकं खोबरं, आठ-दहा सुक्या मिरच्या, चार लवंगा, थोडी मिरी, दोन तमालपत्रं हेही भाजून घ्यायचं. सगळं गार झाल्यावर हळद-हिंग घालून मिक्सरवर किंवा गिरणीत दळायचं. गार होऊ द्या हं, गरम दळलं की डब्यात ओल धरते. कोरड्या बरणीत हे महिनाभर छान राहतं. रात्री आलं की लसणाची फोडणी, दोन वाट्या पाणी, पाण्याला उकळी आली की दोन मोठे चमचे येसर थंड पाण्यात कालवून ओतायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, मीठ, आणि सात-आठ मिनिटं उकळी. दोघांची आमटी तयार. पार्सल आणायला जाऊन यायलाही तेवढाच वेळ लागतो.

आमटीबरोबर कडक भाकरी. सोलापूरची कडक भाकरी आता शहरात दुकानांतून विकली जाते, आणि आपल्यातल्या काही गटांचा तोच धंदा आहे. पातळ भाकरी मंद आचेवर पार कोरडी होईपर्यंत भाजली की ती आठवडेच्या आठवडे टिकते. मला रोज रात्री भाकरी थापणं जमत नाही हे मी आता कबूल केलंय. आठवड्यातून दोन दिवस कडक भाकरी, तीही गटाकडूनच घेते. यात कमीपणा वाटून घेऊ नका. घरात सगळं स्वतःच्याच हाताने झालं पाहिजे या हट्टापायी बाई दमते, आणि दमलेल्या घरात वडापाव येतो.

शिवाय शेंगदाण्याची चटणी आणि दाण्याचं कूट आठवड्याचं एकदम. लसूण रविवारी नवरा सोलतो, मोबाईल बघत बघत. मटकी किंवा हुलगे शनिवारी रात्री भिजवायचे, सकाळी निथळून फडक्यात बांधायचे. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत एक दिवस जास्त लागतो. आमच्याकडे फ्रीज नाही. म्हणून मोड आलेलं कडधान्य दोन दिवसांत संपवतो. आणि उन्हाळ्यात रात्रीची उसळ किंवा भात सकाळच्या डब्यात देत नाही. आपल्याकडचा एप्रिल-मेचा उकाडा बघता त्या काटकसरीतून दवाखान्याचं बिल निघेल. भात मोजूनच लावायचा. उरलीच भाकरी तर सकाळी कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी, ती मात्र चालते.

किराण्याचं गणित

इथं थोडं थांबू, कारण इथं आपण सगळ्याच फसतो.

दहा रुपयांची जिऱ्याची पुडी मी उलटून बघितली. वजन १८ ग्रॅम. आता दहाला अठराने भागा आणि हजाराने गुणा. किलोला ५५५ रुपये पडले. आठवडी बाजारात त्याच आठवड्यात सुटं जिरं ३२० रुपये किलो होतं. शंभर ग्रॅम घेतलं, ३२ रुपये, दोघांना दीड महिना पुरलं. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर फक्त वसुलीच्या दिवशी काढायचा नसतो.

पण दर वेळी मोठं ते स्वस्त, असंही समजू नका. शाम्पूच्या छोट्या पुड्या कितीदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. हिशोब करूनच ठरवा. आणि दोघांच्या घराला मोठी पोती परवडत नाहीत. नव्या नवलाईत आम्ही दहा किलो तांदूळ आणि पाच किलो हरभरा डाळ एकदम घेतली. पावसाळा लागला आणि डाळीत किडे झाले. निम्मी डाळ निवडण्यातच रविवार गेला, उरलेली टाकली. आता डाळी महिन्याच्याच घेतो. ज्वारी तेवढी सासरहून येते, ती कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा सुका पाला घालून ठेवतो. पीठ मात्र आठ-दहा दिवसांचंच दळायचं. बाजरीचं तर नक्कीच, कारण तिच्यात तेलाचा अंश असतो आणि पीठ लवकर कडवट होतं.

दुकानदाराच्या उधारीच्या वहीबद्दल एकच सांगते. उधारीवर घेताना आपण भाव विचारत नाही. विचारायला तोंड राहत नाही. आम्ही तीन महिन्यांत हळूहळू उधारी फेडली आणि मग पहिल्यांदा मी त्याच दुकानात तूरडाळ दोन प्रतींची मागून, हातात घेऊन बघितली.

गॅसचंही तसंच. १४.२ किलोची टाकी आम्हाला आधी चाळीस दिवससुद्धा जात नव्हती. आता पावणेदोन महिने जाते. वेगळं काही केलं नाही. डाळ अर्धा तास आधी भिजवते, हरभरा-राजमा रात्रभर. कुकरच्या एका भांड्यात डाळ, दुसऱ्यात भात, वरच्या ताटलीत बटाटा किंवा शेवग्याच्या शेंगा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक. कढईवर झाकण. आणि टाकी लावली ती तारीख खडूने टाकीवरच लिहितो, म्हणजे किती दिवस गेली यावर वाद होत नाही.

ताटातलं रक्त

उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या, त्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढे महिने घेतल्या. हे आधी सांगते, कारण 'गूळ-शेंगदाणे खा, रक्त भरून येईल' असं प्रत्येक जण म्हणतं. गूळ-शेंगदाणे चांगलेच आहेत, पण ८.९ वर नुसत्या गुळाने भागत नाही. तपासणी करा, गोळ्या फुकट मिळतात, त्या उशीखाली ठेवू नका. पोटात कळ येते, शी काळी होते म्हणून मध्येच सोडणाऱ्या खूप जणी मला भेटल्या. शी काळी होणं हा गोळीचा गुण आहे, घाबरायचं कारण नाही. त्रास होत असेल तर गोळी बंद करण्याआधी आशाताईंना विचारा.

पण गोळीला जेवणाची साथ लागते. इथं आमची सगळ्यात स्वस्त सुधारणा झाली. जेवल्या जेवल्या चहा घ्यायची मला सवय होती. चहातला तुरटपणा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. चहा सोडला नाही, तासभर पुढे ढकलला. उलट लिंबू पिळलं की पालेभाजी-कडधान्यातलं लोह जास्त लागतं. उसळीवर अर्धं लिंबू, याला कितीसे पैसे पडतात? शेवग्याचा पाला तर आपल्या दारात फुकट असतो आणि आपण फक्त शेंगा तोडून खातो. कोवळा पाला हरभरा डाळ घालून परतायचा. तांदूळजा, पाथरी, चिवळ रानातून येताना आणणाऱ्या ताईंना हे मी काय सांगणार, तुमच्याकडूनच शिकले. थंडीत हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून सावलीत वाळवून ठेवला की उन्हाळ्यात भाजी महाग असते तेव्हा हाताशी येतो. आणि अंडी परत सुरू केली. मोजून दोघांची सारखी.

चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.१ झालं. अजून १२ नाही.

थापणं त्याला जमत नाही

नवऱ्याला भाकरी थापता येत नाही. दोनदा प्रयत्न केला, नकाशे झाले. पण कुकर तो लावतो, खिचडी माझ्यापेक्षा बरी करतो, गिरणीत जातो, आणि पहिल्या पाळीच्या आठवड्यात रात्री दोन्ही डबे तोच धुऊन ओट्यावर उघडे मांडून ठेवतो. दोन डबे. नियम असा केलाय की सकाळी दोन्ही भरल्याशिवाय एकही झाकण लावायचं नाही. मी घाईत असले की तो माझा डबा आधी भरतो. कधी कधी नुसती चटणी-भाकरी असते, पण डबा असतो.

सुरुवातीला सासूबाई आल्या तेव्हा त्यांना हे रुचलं नाही. त्याही त्यांच्या गावच्या गटात आहेत आणि हा अंक वाचतात, त्यामुळे जपून लिहिते. "माझ्या लेकाला भांडी घासायला लावलीस व्हय," एवढंच म्हणाल्या. आठ दिवस राहिल्या. वही नेहमीसारखी चालू होती. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती हातात घेतली, चष्मा लावला आणि चौथ्या रकान्यावरून बोट फिरवत गेल्या. दूध, याच्या नावापुढे लेक. अंडी, लेक आणि सून. केळी, लेक आणि सून. त्यांचं नाव शोधत शोधत खाली आल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव निसतं च्यालाच?"

मला काही बोलता आलं नाही. त्यांना रोज वाढलं होतं. रोज त्या 'मला नको, तुम्ही घ्या' म्हणाल्या होत्या आणि रोज मी ते ऐकलं होतं. त्या संध्याकाळी नवऱ्याने अंडा-करी केली आणि आईचं ताट आधी वाढलं. त्यांनी जेवताना मान वर केली नाही, पण दोन अंडी खाल्ली.

महिन्याला दीड हजार

आता पाचव्या महिन्याचा हिशोब सांगते. बाहेरचं खाणं ७०० रुपये. शून्य केलं नाही, महिन्यातून एकदा दोघं भजी खायला जातो आणि ते मी वहीत अभिमानाने लिहिते. किराणा ३,६५० झाला, म्हणजे वाढला. भाजी, दूध, अंडी २,३००, तीही वाढली. एकूण ६,६५०. पहिल्या महिन्यापेक्षा १,५२० रुपये कमी, आणि दोघं आधीपेक्षा जास्त जेवतोय. त्यातले हजार रुपये पोस्टाच्या आवर्त ठेवीत जातात. पोस्टात ती महिना शंभर रुपयांपासून सुरू करता येते.

हे मी तुम्हाला का सांगतेय? कारण कर्ज मागणी अर्जात 'कारण' या रकान्यात मला 'घरखर्च' हा शब्द फार दिसतो. घरखर्चाला कर्ज घेऊ नये असं मी म्हणत नाही. अडीनडीलाच तर गट आहे. पण पाच हजार रुपये महिना दोन टक्क्यांनी घेतले आणि हजाराच्या पाच हप्त्यांत फेडले, तर व्याज पहिल्या महिन्याला १००, मग ८०, ६०, ४०, २० असं मिळून ३०० रुपये होतं. ते व्याज गटातच राहतं, ठीक आहे. शेळी घेतली, शिलाई मशीन घेतलं, तर ते पाच हजार घरात काही आणतात. घरखर्चाला घेतलेले पाच महिन्यांनी परत अर्जात दिसतात. एका ताईंनी पुण्यात नव्याने संसार मांडलेल्या लेक-सुनेला पाठवायला दोनदा असं कर्ज काढलं. लेक आणि सून दोघंही कंपनीत. मी त्यांना एवढंच सुचवलं की पुढच्या वेळी पैशाच्या जोडीला एक वही आणि दोन किलो येसर पाठवा. त्यांनी येसर पाठवलं. वहीचं अजून विचारायचंय.

पुढच्या बैठकीसाठी अभ्यास

गटातल्या प्रत्येकीने सात दिवस वही ठेवायची. शाळेच्या वहीची मागची कोरी पानं चालतील. लिहिता येत नसेल तर नातीला, लेकाला सांगा, किंवा चित्रं काढा. आपल्या एका गटात एक आजी दुधासाठी गोल आणि भाकरीसाठी चौकोन काढतात, आणि त्यांचा हिशोब सचिवताईंच्या आधी लागतो. रकाने चार: तारीख, काय घेतलं किंवा शिजवलं, किती रुपये, कुणी खाल्लं. घरच्या शेतातलं असेल तर रुपयांच्या जागी 'घरचं' लिहा, पण लिहा. चौथा रकाना सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर वाचून दाखवायची सक्ती नाही. बैठकीतही रकमा सांगायची सक्ती नाही. फक्त एवढंच सांगायचं की सात दिवसांत दूध, अंडं, फळ, कडधान्य यांच्यापुढे स्वतःचं नाव किती वेळा आलं.

ज्यांच्या घरी नवी जोडपी आहेत त्यांनी सुनेलाही वही द्यावी, आणि जमलं तर मुलालाही. एकाच्याच हातात वही राहिली तर दुसऱ्याला ती तपासणी वाटते. आमच्याकडे तसं झालं होतं.

दहा-वीस रुपयांच्या कोणत्याही तीन पुड्या पाठीमागचं वजन वाचून आणा. किलोचा भाव बैठकीतच काढू.

वहीला हळदीचे डाग असले तरी चालतील. मी माझी घेऊन येते. आणि हो, या वेळी डबा आणणार आहे, काकींनी तपासावा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक